रिकाम्या जागा काढा

शाळेत 'रिकाम्या जागा भरा' असा प्रश्न असायचा. इंजिनिअरिंगला आल्यावर तोच प्रश्न उलटा येतो.

निमित्त झालं मेसच्या डिपॉझिटचं. परतावा द्यायचा म्हणून दोन याद्या जुळवायच्या होत्या : एक हॉस्टेल ऑफिसची, दुसरी मुलांनी मोबाईलवरून भरलेल्या फॉर्मची. माझा रूम पार्टनर गोऱ्हे. त्याचं नाव दोन्हीकडे डोळ्यांना दिसत होतं, पण कॉम्प्युटर म्हणे 'नाही'. घरी पैसे मागणं त्याच्या स्वभावात नाही, आणि त्या दोन हजारांवर पुढच्या सेमिस्टरची पुस्तकं अवलंबून. मग काय, त्या रात्री कॅरम बंद, पायथन सुरू!

पहिला संशय स्पेसवर. मोबाईलवर सुचवलेला शब्द घेतला की कीबोर्ड बऱ्याचदा मागे स्वतःहून एक स्पेस चिकटवतो. आपल्याला ती दिसत नाही, पायथनला दिसते. 'राम'ची लांबी तो ३ सांगतो, मागे स्पेस असेल तर ४. त्याच्या लेखी ही दोन वेगळी माणसं. 'स्ट्रिप' केलं की दोन्ही टोकांच्या स्पेस जातात, पण नाव आणि आडनावाच्या मध्ये कुणी तीन स्पेस दिल्या असतील तर त्या तशाच राहतात. 'रिप्लेस'ने सगळ्याच उडवल्या तर नाव-आडनाव एकमेकांना चिकटून बसतं. त्यापेक्षा कंसात काहीही न देता 'स्प्लिट' करायचं आणि मिळालेले तुकडे एकेका स्पेसने 'जॉइन' करायचे. टॅब, नवी ओळ, कॉपी-पेस्टमधून येणारी १६० नंबरची न तुटणारी स्पेस, सगळं एका ओळीत साफ. बरीच नावं जुळली. गोऱ्हे मात्र अडलेलेच.

शेजारच्या रूममधल्या तज्ज्ञांनी सल्ला दिला, "जे जे दिसत नाही ते सगळं उडव ना!" इथेच तर खरी गोम आहे. मराठीत 'ऱ्ह' दोन तऱ्हांनी टाईप होतो (या 'तऱ्हां'तसुद्धा तोच आहे बघा). एक, खाली टिंब असलेल्या ऱ चा पाय मोडून. दुसरी, साध्या र चा पाय मोडून पुढे एक अदृश्य चिन्ह देऊन : झिरो विड्थ जॉइनर, युनिकोडमध्ये नंबर ८२०५. पडद्यावर दोन्ही सारखेच. हे चिन्ह स्पेसमध्ये मोडत नाही, म्हणून स्ट्रिप आणि स्प्लिट त्याला हात लावत नाहीत, आणि तेच बरं. ते काढलं की र चा रफार होतो. डोंगरातल्या दऱ्यांच्या जागी दर्या येतो, आणि मेसच्या आचाऱ्यांचा पगार थेट आचार्यांना जातो! (सरांनी हलकं घ्यावं.)

शेवटी स्प्लिट-जॉइन तसंच ठेवलं आणि आधी एक ओळ घातली : पाय मोडलेला र आणि पुढे ८२०५ दिसला, की त्या जागी पाय मोडलेला ऱ ठेव. गोऱ्हे जुळले. सोबत एक कुऱ्हाडे आणि दोन वऱ्हाडेही निघाले, ज्यांनी बिचाऱ्यांनी तक्रारसुद्धा केली नव्हती.

सकाळी यादी ऑफिसात नेली. क्लार्ककाकांनी चष्मा लावून ती वरून खाली वाचली आणि म्हणाले, "यात नवीन काय केलंस रे? ही नावं तर आधीपासून होतीच की!"