वरणाची वाटी

शिंद्यांची राजधानी उज्जैनहून ग्वाल्हेरला गेली, तरी आमच्यासारखी मराठी घरे क्षिप्रेकाठीच राहिली. शेजारी दाल-बाटी, आमच्या पानात वरण-भात; डाळ दोन्हीकडे. थोरल्या बंधूंना मूत्रपिंडाचा विकार जडला आणि डॉक्टरांनी 'डाळ बेताने' म्हटले. घरात 'बेताने'चा अर्थ 'बंद' असा झाला.

डॉक्टरांचे गणित साधे होते. शरीरात प्रथिनांचे विघटन झाले की युरिया तयार होतो. तो रक्तातून गाळून काढणे हे मूत्रपिंडांचे काम. प्रत्येकात सुमारे 10 लाख सूक्ष्म गाळण्या. काही निकामी झाल्या की उरलेल्यांवर भार पडतो, जास्त प्रथिनांनी तो आणखी वाढतो. म्हणून वजनाच्या दर किलोमागे रोज सुमारे 0.8 ग्रॅम प्रथिने पुरेत. 60 किलोच्या माणसाला 48 ग्रॅम. एवढ्यात वरणाची वाटी सहज बसते.

पुढे डायालिसिस सुरू झाले. त्यात प्रथिनांचे काही घटकही रक्तातून निघून जातात. म्हणून गरज किलोमागे 1 ते 1.2 ग्रॅमपर्यंत वाढते. घरात मात्र जुनेच पथ्य. दादा वाळत चालले. अखेर आहारतज्ज्ञ बाईंनी बजावले, "भाभीजी, अब दाल बढ़ानी है." वहिनींचा विश्वास बसेना, महिनाभराने दादा जिना चढू लागले तेव्हा बसला.

वाचकहो, पथ्य आजाराच्या टप्प्याबरोबर बदलते. रक्ताचा अहवाल दाखवून दर वेळी नवे माप विचारून घ्यावे. शेजाऱ्याचे पथ्य उसने आणू नये, आणि आपलेही जुने कवटाळून बसू नये.