राजा पार्क : दुसऱ्या फेरीत उलगडणारे

जयपूरला जाणारी मंडळी आधी आमेरचा किल्ला, हवामहल आणि जंतरमंतर पाहून घेतात, आणि ते योग्यच आहे. सवाई जयसिंहांनी 1727 साली वसवलेले परकोटाच्या आतले हे शहर 2019 साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. राजा पार्कची पाळी मात्र अगदी शेवटी येते. मोती डुंगरीच्या पूर्वेला पसरलेल्या या वस्तीत ना किल्ला आहे, ना तिकिटाची खिडकी. परतीच्या गाडीला वेळ असला आणि थोडी खरेदी राहिली असली की पावले इकडे वळतात.

शेवटी हाती लागणाऱ्या गोष्टींची गंमत हल्लीच्या मुलांना चांगली ठाऊक असते. निन्टेन्डो या जपानी कंपनीने 1986 साली ‘मेट्रॉइड’ हा व्हिडिओ गेम आणला. त्यातली काही दारे सुरुवातीला उघडतच नाहीत. पुढे जाऊन नवे बळ मिळवायचे आणि मागे येऊन तेच दार उघडायचे. जागा जुनीच, पण येणारा बदललेला. तो बदललेला नसेल तर मागे फिरणे म्हणजे नुसती पायपीट. त्याच कंपनीच्या 2017 सालच्या ‘झेल्डा’मध्ये 900 बिया दडवून ठेवल्या आहेत. सगळ्या गोळा करणाऱ्याला शेवटी काय मिळते? एक गमतीदार नाच! खरे बक्षीस असते ते शोधत भटकण्यातच.

राजा पार्कमध्येही दोन फेऱ्या माराव्यात. पहिल्या फेरीत दिसतात कपड्यांची दुकाने, खाण्याच्या गाड्या, छोले-भटुरे आणि संध्याकाळची गर्दी. अशी बाजारपेठ कुठल्याही शहरात सापडेल. दुसऱ्या फेरीत मात्र आतल्या गल्ल्यांमधून परतावे. गल्ल्यांना क्रमांक आहेत, त्यामुळे चुकण्याची फारशी भीती नाही. जुने शहर पाहून आलेल्याला इथे प्रश्न पडू लागतात. राजपुतांच्या या राजधानीत इतकी पंजाबी आणि सिंधी आडनावे कशी? गुरुद्वाऱ्यात एवढी वर्दळ का?

उत्तर 1947 सालच्या फाळणीत आहे. पश्चिम पंजाब आणि सिंधमधून घरदार सोडून आलेली अनेक कुटुंबे राजा पार्क आणि शेजारच्या आदर्श नगरात स्थिरावली. कल्याणजवळचे उल्हासनगर ज्यांना माहीत आहे, त्यांना ही कहाणी वेगळी सांगायला नको. आलेल्या माणसांनी दुकाने थाटली, मुलांना शिकवले आणि परक्या गावाला आपले केले.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 2020 साली ‘राजी’ हा खेळ आणला. राजस्थानी वास्तुकलेचा साज ल्यालेल्या या खेळात एक मुलगी आपल्या हरवलेल्या भावाचा शोध घेते. तिची वाट बहुतांशी पुढेच जाते, मागे वळायला फारशी जागा नाही. राजा पार्कच्या पहिल्या पिढीच्या वाट्याला अशीच वाट आली. त्यांच्या मागची दारे मिटली ती मिटलीच. कितीही बळ कमावले, तरी जुन्या अंगणात परत जाऊन राहणे त्यांना जमले नाही.

हे कळल्यावर तोच रस्ता निराळा दिसतो. गल्ल्याच्या मागे लावलेली आजोबांची तसबीर नजरेत भरते. आधी साधी वाटलेली कुलच्याची चव जवळची वाटते. ज्याला मागे वळता येते, त्याने ते सुख वाया घालवू नये. म्हणून जयपूरच्या सहलीतली एक संध्याकाळ राखून ठेवावी. डोक्यावर रुमाल घेऊन गुरुद्वाऱ्यात जावे, मुलांना ही वस्ती कशी वसली ते सांगावे. आणि मग आल्या वाटेनेच, पण सावकाश, परत फिरावे.