तोंडातली तार

पुढे आलेले दात आमच्याकडे पिढीजात. आजीचे होते, आईचे आहेत. माझ्या दातांना मात्र 1993 साली, आठवीत असताना तार बसली, कारण माझ्या लग्नाची काळजी आईने तेव्हाच सुरू केली होती. साताऱ्याच्या शाळेत मुलींनी ‘तारेचं कुंपण’ म्हणून नाव ठेवलं, ते दहावीपर्यंत पुरलं.

डॉक्टर पुण्यात. महिन्यातून एकदा एसटीने जायचं, पंधरा-वीस मिनिटं खुर्चीत बसून तार आवळून घ्यायची आणि परतायचं. उरलेला महिना घरच्यांचा. तारेची दुखणी निघायची तीही डॉक्टर नसताना, बहुधा शनिवारी रात्री. दात जवळ सरकू लागले की तारेचं टोक शेवटच्या दाढेच्या मागून बाहेर येतं आणि गालात रुततं. आई तिथे कापसाचा बोळा दाबून ठेवायची. गाल सोलवटून तोंड आलं की कोमट मीठपाण्याच्या गुळण्या, आणि आजीच्या बोटावरचं साजूक तूप.

तार आवळल्यावर दोन-तीन दिवस पोळी चावणं शक्यच नसे. मेतकूट-भात, दुधात कुस्करलेली भाकरी. दाब पडतो त्या बाजूचं हाड झिजतं, मागे मोकळ्या झालेल्या जागेत नवं भरतं, म्हणून दात सरकतो. तोही महिन्याला जेमतेम एक मिलिमीटर. हे तेव्हा कुणी समजावलं असतं तर माझी चिडचिड कमी झाली असती. हुरड्याच्या दिवसांत शेतावर जाऊन नुसतं ताक पीत बसणं मात्र कुठल्याही शास्त्राने सुसह्य झालं नसतं.

आता लेकीच्या तोंडात तार आहे. माझी स्टीलची होती, तिची निकेल-टायटॅनियमची. हा मिश्रधातू 1960 च्या सुमारास अमेरिकी नौदलाच्या शस्त्रास्त्र प्रयोगशाळेत पुढे आला. वाकवला तरी तो मूळ आकारात येऊ पाहतो आणि दातांवर हलका पण सतत दाब ठेवतो. तारेला धरून ठेवणारे पारदर्शक रबर मात्र आमटीतल्या हळदीने हमखास पिवळे पडतात. तिने आता गडद निळे मागून घेतलेत.

तिच्या कंपासपेटीत मेणाची डबी असते. टोचणारी जागा कापसाने कोरडी करायची, वाटाण्याएवढं मेण बोटांत मळून तिथे दाबायचं. जागा कोरडी नसेल तर मेण टिकत नाही. पातळ तारेचं टोक टोचत असेल तर पेन्सिलीच्या मागच्या, स्वच्छ धुतलेल्या खोडरबराने हलकेच आत वळवता येतं. दातावर चिकटवलेलं ब्रॅकेट सुटून तारेवर फिरू लागलं तर ओढायचं नाही. मेणाने थोपवून डॉक्टरांना फोन करायचा. आमच्या शेजारच्या काकांनी फेविक्विक सुचवलं होतं! अशा काकांना चहा द्यावा, दात दाखवू नयेत. एखादा तुकडा गिळला गेला आणि खोकला थांबेना किंवा श्वास अडला, तर मात्र घरगुती उपायांत वेळ न घालवता थेट रुग्णालय गाठायचं.

तार निघाली की सगळे पेढे वाटतात आणि दात नव्या जागी धरून ठेवणारा रिटेनर कपाटात जातो. दात मात्र मूळ जागी परतायला टपलेले असतात. माझ्या खालच्या दातांमागे चिकटवलेली बारीक तार आजही आहे. तुमच्या घरात कुणाची तार नुकतीच निघाली असेल, तर आज रात्री रिटेनर घातलाय का, तेवढं विचारा.