दिंडोरीकडची ओघळ

दिंडोरीकडच्या उताराच्या रानात ओघळ नावाची ही बाई पावसाळ्यापुरती राहायला येते. सोयाबीन अजून दोन-चार पानांवर, जमीन उघडी, आणि एखादी जोराची सर झाली की ती हजर. जागा ठरलेली: दोन्ही अंगांचं पाणी जिथं एकत्र येतं तो खोलगट पट्टा. बांध आडवा आला तर फोडून जाते.

चाल मात्र उलटी. पाणी खाली धावतं, ही वर चढते. तोंडाशी वीतभराची पायरी असते. तिच्यावरून पडणारं पाणी पायथा कोरतं, खालची माती गेली की वरची कड ढासळते आणि तोंड उताराच्या वरच्या अंगाला सरकतं. वाकून पाहा, कडेतून सोयाबीनच्या मुळ्या लोंबत असतात, तळाला मुरूम उघडा पडलेला.

मोजायला टेप, दोरी नि चार खुंट्या पुरतात. समजा वरची रुंदी सरासरी ६० सेंटिमीटर, तळाची ४०, खोली ३० आणि लांबी ४० मीटर. झाली ६ घनमीटर माती, म्हणजे दोन ब्रासहून जरा जास्तच. एवढी माती विकत घ्यायची तर ट्रॉलीवाल्याशी किती घासाघीस होईल!

हिशेब एवढ्यावर थांबत नाही. साधी ओघळ नांगरानं मिटते, मोठी घळ मिटत नाही. ही मिटते आणि त्याच जागी परत येते. उघडीप मिळाली की ट्रॅक्टर दोन्ही बाजूंची माती ओढून तिला बुजवतो. ती भुसभुशीत भर पुढच्या पावसाळ्यात सगळ्यात आधी वाहून जाते. माझ्या मते घळीपेक्षा हीच लबाड. घळ निदान दिसते तरी. हिच्यापायी अख्खं रान पातळ होत जातं आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

वाहून गेलेली माती कादवा नदीला लागते. काही पालखेड धरणात बसते, काही नांदूर मध्यमेश्वरला. तिथं बंधाऱ्यामागं गाळ साचून पाणथळ झाली, पक्षी आले, २०२० मध्ये ते राज्यातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झालं. (आमच्या बाईचा सत्कार मात्र कुणी केला नाही.) इकडे ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना २०१७ मध्ये सुरू झाली, धरणांतला गाळ उन्हाळ्यात ट्रॉल्या भरभरून शेतात जातो.

या ओघळीला आवरायचा साधा उपाय म्हणजे तो खोलगट पट्टा न नांगरता गवताखाली ठेवणं. पण आठ-दहा फूट रुंदीचं रान पिकातून सोडायचं, तेही द्राक्षाच्या मुलखात? त्यापेक्षा ट्रॅक्टरवाल्याला फोन करणं सोपं.