आधी जी-६-पीडी, मग प्रायमाक्विन

पावसाळा सरता सरता धाकट्या भावाला ताप आला. रक्तात व्हायव्हॅक्स मलेरिया निघाला. विहिरी, बावखलं आणि केळीच्या बागांच्या आमच्या नंदाखालमध्ये डासांचं कुणाला नवल नाही. तीन दिवस क्लोरोक्विन आणि १४ दिवस प्रायमाक्विन, अशी चिठ्ठी घेऊन तो घरी आला.

ताप उतरला. पण प्रायमाक्विन सुरू होऊन दोन-तीन दिवस होतात न होतात तोच लघवी कोऱ्या चहासारखी काळपट झाली. डोळे पिवळे, चार पावलं चालला तरी धाप. शेजारणी काविळीचा झाडपाला सांगून गेल्या. विरारच्या डॉक्टरांनी मात्र लघवीचा रंग ऐकताच गोळ्या थांबवल्या आणि त्याला दाखल करून घेतलं. हिमोग्लोबिन ७ वर आलं होतं. रक्त चढवावं लागलं.

लाल पेशींना जपणारं जी-६-पीडी हे एन्झाइम त्याच्यात जन्मतःच कमी असावं, असा डॉक्टरांना संशय होता. व्हायव्हॅक्सचे जंतू यकृतात दडून राहतात. त्यांना मारणारं प्रायमाक्विन अशा माणसाच्या लाल पेशीही फोडतं. तेव्हा केलेली चाचणी नॉर्मल आली, तरी डॉक्टरांनी ती मानली नाही. जुन्या पेशी फुटून गेल्या की उरलेल्या कोवळ्या पेशींत एन्झाइम जास्त दिसतं. तीन महिन्यांनी पुन्हा केली, तेव्हा उणीव स्पष्ट दिसली.

ही उणीव १९५६ मध्ये याच औषधाच्या अभ्यासातून उलगडली. तरी आजही हातात आधी गोळी पडते, चाचणीचं कुणी बोलत नाही. याचा मला फार राग येतो.

दोष एक्स गुणसूत्रावरचा, मुलाला आईकडून येणारा. हे कळल्यावर आई म्हणाली, “माझ्याकडूनच गेलं ना रे त्याला?” तिला स्वतःला कधी कसलाच त्रास झाला नव्हता. तिची समजूत घालणं आम्हाला आजाराहून जड गेलं. मग मी तपासून घेतलं, बहिणीच्या मुलांचंही तपासलं. थोरल्या भाच्यात तेच निघालं. त्याच्या फाइलवर बहिणीने लाल शाईने लिहून ठेवलंय.

भावाचं ऐकून गावात काहींनी प्रायमाक्विन अर्ध्यावर टाकलं. तसं केलं तर मलेरिया उलटतो. भावाचाही उलटलाच. या खेपेला त्याला प्रायमाक्विन दिलं ते आठवड्यातून एकदाच, असे ८ आठवडे, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हिमोग्लोबिन तपासत. ते त्याला सोसलं.