चपटा टीव्ही

आईवडिलांना भेट देणे हा अवघड व्यवहार आहे. आपण जे नेतो ते त्यांना नको असते आणि त्यांना जे हवे असते ते दुकानात मिळत नाही. हे ठाऊक असूनही २०२५ च्या दिवाळीत मी त्यांच्यासाठी टीव्ही घ्यायला निघालो, याला कारण वाईच्या घरातला जुना संच. त्या वर्षी गणपतीत, ऐन आरतीच्या वेळी, त्याचे चित्र वरून आणि खालून मिटत मिटत आले आणि पडद्यावर मधोमध एक पांढरी आडवी रेघ तेवढी उरली. आवाज मात्र शाबूत होता. आईने आठ दिवस त्या रेघेकडे बघत मालिका ऐकल्या. अण्णा शेजारी नुसते बसून असत.

मेकॅनिक आला. त्याने मागचे झाकण काढले, धूळ फुंकली आणि एखाद्या डॉक्टरने सांगावे तशा आवाजात सांगितले, "काका, याचा पार्ट आता मिळत नाही."

तो काही आमचा पहिला टीव्ही नव्हे. पहिला होता लाकडी पेटीतला, सरकत्या दारांचा, कृष्णधवल. १९८७ साली 'रामायण' सुरू झाले तेव्हा रविवारी सकाळी निम्मी आळी आमच्या ओसरीवर असे. मी कौलांवर चढून अँटेना फिरवायचो आणि "आलं का?" म्हणून ओरडायचो. खालून उत्तर यायचे ते अण्णांचे. त्यांच्या आवाजाची तेव्हा आळीत ख्याती होती.

तर मी पुण्यातल्या एका मोठ्या दुकानात गेलो. भिंतभर टीव्ही लावलेले आणि सगळ्यांवर एकच पोपट! तोही असा हिरवागार, की खऱ्या पोपटाला न्यूनगंड यावा. (दुकानात रंग मुद्दाम भडक ठेवतात, हे मला मागाहून कळले.) विक्रेता तरुण चुणचुणीत होता. बत्तीस इंचांहून मोठ्या संचांवरचा कर २२ सप्टेंबरपासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा ५५ इंचीच घ्या, असा त्याचा आग्रह. त्यात म्हणे ८३ लाख ठिपके असतात. साध्या संचात अवघे २१ लाख. ६२ लाख ठिपके आईवडिलांना कमी देणारा मुलगा कोणाला व्हायचे असते? मी जवळजवळ पैसे काढलेच होते. पण शिक्षकाचा मुलगा मी; आधी गणित करून पाहावे म्हटले आणि आईला फोन लावला.

"अण्णांच्या खुर्चीपासून भिंत किती लांब आहे गं?"

थोड्या वेळाने उत्तर आले, "साडेसहा हात."

म्हणजे अंदाजे दहा फूट. निरोगी डोळ्याला एका अंशाच्या साठाव्या भागाहून बारीक काही वेगळे दिसत नाही. दहा फुटांवर हे माप एका मिलिमीटरहून किंचित कमी भरते. ४३ इंची साध्या संचातला ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा! म्हणजे तोच मुळी दिसणार नाही; मग त्याचे आणखी चार तुकडे करून ते मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यांना कसे दाखवायचे?

"आणि तुझ्या खुर्चीपासून?" मी विचारले.

"माझ्या खुर्चीचं काय घेऊन बसलास! ती टीव्हीकडे नसतेच."

मला वाटले, आई थट्टा करते आहे. पुढच्या रविवारी भिंत मोजायला वाईला गेलो, तेव्हा पाहिले. अण्णांची खुर्ची टीव्हीकडे तोंड करून होती आणि आईची अण्णांकडे.

"ह्यांना शब्द कुठे कळतात आता?" आई स्वयंपाकघरात हळूच म्हणाली. "मी ऐकते नि ह्यांना सांगते. तीन-चार वर्षं झाली की."

तीन-चार वर्षे! या काळात मी दर रविवारी फोन करीत होतो. "हो, हो, ठीक आहे. आईला देतो," एवढे बोलून अण्णा फोन सोडून देत. वयोमानाने तुटक झाले आहेत, अशी मी स्वतःची समजूत घातली होती, सौ.जवळ तसे बोलूनही दाखवले होते. त्या दिवशी जेवताना त्यांच्या तोंडाकडे बघायचे मला धैर्य होईना.

मागाहून वाचले तेव्हा उलगडा झाला. म्हातारपणी कानाला आधी बारीक, उंच पट्टीचे ध्वनी सोडून जातात. स्वर ऐकू येतात. स, त, क, फ यांसारखी व्यंजने निसटतात. म्हणून आवाज येतो, पण तो काय म्हणतो ते कळत नाही. आणि आवाज वाढवला तर न कळणारे अधिक मोठ्याने ऐकू येते, एवढेच. त्यात हे नवे टीव्ही चपटे. जुन्या खोक्यात कर्णा बहुधा समोर असे. या पाटीएवढ्या जाडीत त्याला जागा कुठली? तो बिचारा मागे नाही तर खाली तोंड करून बोलतो.

मी पुन्हा दुकानात गेलो. पोपट बंद करून बातम्या लावायला सांगितल्या आणि टीव्हीकडे पाठ करून उभा राहिलो. विक्रेत्याने शेजारच्या पोराला डोळा घातला असावा. पण मी एकेक संच तसाच ऐकला आणि ४३ इंची साधा घेतला. वाचलेल्या पैशांत खाली ठेवायचा लांबट साउंडबार घेतला. त्याला एक बटण आहे. ते दाबले की संगीत मागे पडते आणि बोलणे पुढे येते.

घरी दुसरेच महाभारत उभे राहिले. "त्या भिंतीला खिळा ठोकला की पावशेर माती खाली येते," अण्णांनी बजावले. तेव्हा भिंतीचा नाद सोडला. टेबलावर ठेवावा तर या संचाला दोन्ही टोकांना बेडकासारखे फाकलेले पाय. जुन्या टेबलावर एकच मावेना. शेवटी माझे शाळकरी लिहायचे टेबल माळ्यावरून उतरवले. ५५ इंची आणला असता तर बरोबर चार फूट रुंदी. खिडकी आणि कोनाडा यांच्यामध्ये तो शिरलाही नसता. मग आई हातात क्रोशाचा रुमाल घेऊन आली आणि टीव्हीभोवती एक प्रदक्षिणा घालून म्हणाली, "अरे, याच्यावर हा टाकायचा कुठे?" याला माझ्याकडे उत्तर नव्हते. रुमाल साउंडबारवर गेला. मी तो काढला. तो परत गेला. रिमोट तीन झाले होते, त्यांतल्या कामाच्या एकाला तिने लाल दोरा बांधला.

नरकचतुर्दशीच्या संध्याकाळी बातम्या लागल्या. अण्णा ताठ बसले. वाक्य संपल्यावर मान हलवू लागले. पूर्वी ते आईच्या वाक्यानंतर हलवीत. जरा वेळाने म्हणाले, "हा गृहस्थ रोज इतकं बोलतो?" आई सवयीने पुढे झुकली आणि नुकतीच झालेली बातमी पुन्हा सांगू लागली. अण्णांनी ती ऐकलेली होती. "असं होय!" ते म्हणाले.

पाडव्याला मी धीर करून कानाच्या डॉक्टरांचा विषय काढला.

"आधी हा टीव्ही तर जुना होऊ दे," अण्णा म्हणाले.