गुनुंग आपी

बांदा नेइराच्या धक्क्यावर कुठंही उभं राहा, समोर तो असतोच. मध्ये एवढीशी खाडी, होडीनं काही मिनिटांची. गुनुंग आपी म्हणजे आगीचा डोंगर. इंडोनेशियातल्या बांदा समुद्रातून सरळ वर आलेला, साडेसहाशे मीटरांच्या आसपासचा. आपण श्रीखंडात किसतो ते जायफळ मूळचं याच बेटांचं, आणि त्या झाडांना पोसणारी माती याच्या घराण्याची.

त्याला भेटायचं तर अंधारात निघावं. वाट वळणं घेत नाही, थेट अंगावर येते. सह्याद्रीत तयार झालेले पाय काळ्या कातळावर डोळे मिटून विसंबतात. तोही लाव्हाच, पण निवून साडेसहा कोटी वर्षं झालेला. हा अजून सुटा आहे. नुसता घसारा. झुडपांची मुळं धरत वर जावं, आणि उतरताना तीच मुळं पुन्हा शोधावीत. उतरण जास्त कठीण. माथ्यावर भेगांतून वाफ येते. जमिनीवर तळवा टेकला की ऊब लागते, ताप उतरू लागलेल्या माणसाच्या कपाळासारखी. तिथं माणूस आपोआप हळू बोलतो.

९ मे १९८८ला तो उसळला. हजारो माणसांना घरदार टाकून बेटं सोडावी लागली. लाव्हा उत्तरेच्या उतारावरून थेट समुद्रात गेला आणि त्यानं वाटेतली पोवळ्यांची वस्ती गाडून टाकली.

मला तो खरा कळला तो याच ठिकाणी, पाण्यात तोंड घातल्यावर. स्नॉर्केलिंगचा चष्मा लावून काळ्या कड्यालगत तरंगत गेलं, की खाली पोवळ्यांच्या परातीच पराती! एकीवर एक, काठांना फिकट निळसर, त्यांच्या सावलीत माशांची पोरं. उद्रेकाला पाच वर्षं झाली तेव्हा संशोधकांना इथं पोवळ्यांच्या १२४ जाती मिळाल्या. साठ टक्क्यांहून जास्त तळ झाकलेला, काही पराती तीन फुटांच्या. शेजारची वस्ती वाचली होती. तिथली पिल्लं प्रवाहाबरोबर आली आणि त्यांना घट्ट धरायला कोरा, टणक खडक मिळाला. गाडणाऱ्यानंच पाया घालून दिला होता.

श्वास घ्यायला मान वर काढली. डोक्यावर तोच लाव्हा, त्याच दिवसाचा. पण वरचा पट्टा अजून काळाच. कुठं कुठं फटीत एखादं नेचं, वाऱ्यावर हलणारं.